तुम्ही विचारलंत म्हणून: वेप सिगारेटपेक्षा बरा ना?

वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, साध्या सिगारेटपेक्षा बरा ना, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की, आता नुसत्या सुरावरून विचारणारा ओळखू येतो. वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेला माणूस आशेनं विचारतो. मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलेली आई घाबरून विचारते. आणि ज्यानं सिगारेट कधी ओढलीच नाही पण वेप मात्र ओढतो, तो तरुण प्रश्न विचारत नाही, सांगून टाकतो: "सिगारेटपेक्षा बरंच आहे की!" तंबाखू सोडू पाहणाऱ्यांना समुपदेशन करणं हे माझं काम. या तिघांना मी एकच उत्तर देत नाही.

सिगारेटवाल्याला मी सरळ सांगते, की हो, बरा. सिगारेटमध्ये मोठा घात निकोटीन करत नाही, जळणं करतं. धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली ७०च्या आसपास कर्करोगाला कारण ठरतात. वेपमध्ये तंबाखू जळत नाही. बॅटरीवर कॉइल तापते, तिच्यावरचं लिक्विड बारीक थेंबांच्या रूपात उडतं आणि ते आपण ओढतो. त्यामुळे टार, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकटा, नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या तेव्हाच्या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०१५ मध्ये वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं, तो आकडा तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. फक्त एक लक्षात ठेवा: तो तज्ज्ञांच्या गटानं बांधलेला अंदाज होता, रुग्ण मोजून काढलेला हिशेब नव्हे.

सिगारेट सुटायला वेपची मदत होते, हेही खरं. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वर्षभरानंतर वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर निकोटीनचे पॅच, च्युइंगगम वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. वेप विकणारे इथवर सांगून थांबतात. त्याच चाचणीत सिगारेट सुटलेल्या वेपवाल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही वेप ओढतच होते. पॅच-गमवाल्यांपैकी अजून ते वापरणारे होते ९ टक्के. म्हणजे सिगारेट सुटली, निकोटीन नाही.

आणि निम्मे-निम्मे करणाऱ्यांचं काय? दिवसा ऑफिसात वेप, रात्री मित्रांबरोबर दोन सिगारेटी. हा प्रकार मला सर्वांत जास्त दिसतो आणि याला मी बरा म्हणत नाही. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसाव्या हिश्शावर येत नाही तो. पाकीट कमी झाल्याचं समाधान हृदयाला कळत नाही.

आता फुप्फुसांत नेमकं काय जातं ते पाहू. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. ते तापलं की फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन अशी त्रासदायक रसायनं तयार होतात. लिक्विड संपत आलेलं असताना कोरडी कॉइल ओढली तर आणखी जास्त. कॉइल आणि आजूबाजूच्या धातूंमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश येतात. फ्लेवरबद्दल "खाण्याचाच तर आहे" असं ऐकवलं जातं. खाण्यासाठी तपासला आहे, ओढण्यासाठी नाही. पोटाला चालणारं फुप्फुसाला चालतंच असं नाही. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरीत पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या निकामी झाल्याचं आढळलं होतं. कारण होतं डायअसिटिल, लोण्याचा वास देणारा पदार्थ. पुढे तोच काही वेप लिक्विडमध्येही सापडला. वेपनं हाच आजार सर्रास होतो असं मात्र मी कुणाला सांगत नाही, कारण तसा पुरावा नाही. खोटी भीती घातली की पोरं खरी गोष्टही ऐकेनाशी होतात.

२०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली, तिचंही तसंच. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यातले बरेचसे तरुण होते, आणि धाप लागून थेट अतिदक्षता विभागात पोहोचलेलेही कमी नव्हते. मुख्य संशयित ठरलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या लिक्विडमध्ये मिसळलेलं. "म्हणजे आमच्यात ते नाहीच," असं यावर मला सांगितलं जातं. तुमच्यात काय आहे ते तुम्ही कशावरून सांगता, असं मी विचारते.

पण माझ्यासमोर बसणाऱ्यांचं खरं दुखणं बहुधा फुप्फुसाचं नसतं. ते निकोटीनचं असतं, आणि ते मोजताच येत नाही. सिगारेटवाल्याला "दिवसाला किती?" विचारलं की तो आकडा सांगतो, थोडा कमी करून का होईना. वेपवाला गप्प बसतो. सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते. ती विझते, पुढची पेटवायची तर उठावं लागतं, बाहेर जावं लागतं, वास येतो, कुणीतरी बघतं. वेपला हे काहीच नाही. पांघरुणात, बाथरूममध्ये, अभ्यासाच्या टेबलावर, एक कश आत्ता, दोन मघाशी.

त्यात निकोटीन सॉल्टची भर पडली. पूर्वीच्या लिक्विडमध्ये निकोटीन जास्त घातलं की घसा जळायचा, माणूस आपसूक थांबायचा. बेंझोइक अ‍ॅसिडसारखं आम्ल घालून सॉल्ट केलं की तीच तीव्र मात्रा गुळगुळीत उतरते. युरोपीय संघानं मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, अमेरिकेत मात्र ५९ मिलिग्रॅमचे पॉड, म्हणजे वेपमध्ये बसवायच्या लिक्विडच्या छोट्या डब्या, विकले गेले. घसा नावाचा पहारेकरी कामावरून काढला, असं मी म्हणते.

म्हणून मी "किती" विचारणं सोडून दिलंय. जाग आल्यावर पहिला कश किती मिनिटांत घेतोस, रात्री वेप कुठे ठेवतोस, एवढंच विचारते. निकोटीन रक्तात दर दोनेक तासांनी निम्मं होतं, त्यामुळे सकाळी तलफ चढलेली असते. पाच मिनिटांच्या आत हात जात असेल आणि वेप उशीखाली असेल, तर मला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. "टेन्शन जातं" असं म्हणणाऱ्याला हेच उलगडून सांगावं लागतं: जातं ते बहुतांशी मघाच्या कशाचा अंमल उतरल्यानं आलेलं टेन्शन. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि त्या वयात ही सवय लवकर आणि घट्ट बसते.

त्या तिसऱ्या तरुणाला म्हणूनच मी सिगारेटशी तुलना करू देत नाही. तू सिगारेट सोडून वेपकडे आलेला नाहीस, साध्या हवेकडून आला आहेस. दूरचे परिणाम सिद्ध होऊ देत म्हणशील, तर सिगारेट बनवणारं यंत्र १८८० च्या दशकात आलं आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी सिगारेटचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी ठामपणे मांडला १९५० मध्ये. आजच्या धाटणीचा वेप चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये आणला. तेवढी वर्षं वेपला अजून झालेलीच नाहीत.

आईनं विचारलेलं राहिलं: "फेकून देऊ का ते?" घरात लहान मूल असेल तर आधी उचला. निकोटीनचं लिक्विड गिळलं तर ते विष आहे. फेकताना कचऱ्यात नको, आत लिथियमची बॅटरी असते. पण फेकल्यानं तलफ जात नाही, दुसरा येतो. मुलाला ओरडण्याआधी तो सकाळच्या पाच मिनिटांचा प्रश्न विचारा. उत्तर "लगेच" असेल तर डॉक्टरांकडे न्या. वेपमधली मात्रा पायरीपायरीनं उतरवता येते, गरज पडली तर पॅच किंवा गमचा आधार देता येतो. आणि पहिल्या आठवड्यात तो चिडचिड करेल, झोप मोडेल, जास्त खाईल. त्या आठवड्यात परीक्षेचा विषय काढू नका.