‘म्हणजे कॉमिक्सच ना?’

जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी एकेक शॉट कागदावर मांडणारी चित्रं, काढतो म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे कॉमिक्सच ना?’ चित्रकलेची पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काकाही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अशा वेळी मला हटकून मार्टिन ॲस्बरी आठवतो. हा ब्रिटिश चित्रकार. सत्तरच्या दशकात त्याने ‘लुक-इन’ या मुलांच्या साप्ताहिकासाठी ‘कुंग फू’, ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ अशा टीव्ही मालिकांची कॉमिक्स काढली. तिथे नायक ओळखू आलाच पाहिजे, कारण पोरांना त्याचा चेहरा पडद्यावर बघून पाठ झालेला. ‘डेली मिरर’ या दैनिकातली ‘गार्थ’ ही चित्रपट्टी काढणारा फ्रँक बेलमी १९७६मध्ये वारला आणि ती ॲस्बरीकडे आली. १९९७मध्ये बंद पडेपर्यंत तोच ती काढत होता. मधल्या काळात सिनेमावाल्यांनीही त्याला ओढलं. १९९५चा ‘गोल्डनआय’, पुढे २००६चा ‘कॅसिनो रोयाल’, या बाँडपटांचे स्टोरीबोर्ड काढणाऱ्यांत तो होता.

म्हणजे काही वर्षं दोन्ही कामं एकाच हाताने. मग कामही एकच असणार, असं वाटतं. तिथेच गंमत आहे.

कॉमिक्समध्ये दोघं बोलतायत. जो आधी बोलतो तो डावीकडे, कारण आपण डावीकडून वाचतो. पुढच्या चौकटीत दुसऱ्याने आधी तोंड उघडलं की चित्रकार बिनधास्त त्यांच्या जागा बदलतो. वाचकाला खटकतही नाही. स्टोरीबोर्डमध्ये हेच केलंत तर कॅमेरा लाइन ओलांडतो, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे जातो. पहिल्या शॉटमध्ये उजवीकडे बघणारा माणूस दुसऱ्यात डावीकडे बघायला लागतो आणि एडिटर तुमच्या नावाने शंख करतो.

दुसरं, चौकटीचा आकार. कॉमिक्समध्ये थरार वाढवायचा तर उंच चौकट घ्या, घाई दाखवायची तर बारक्या फाका करा. सिनेमाचा पडदा जन्मभर तेवढाच. पाठलाग लांबवायचा असेल तर फ्रेमाच वाढवाव्या लागतात, आणि कॅमेरा कुठून कुठे सरकतो ते जाड बाणाने दाखवायचं. देखणेपणाला तिथे फारशी किंमत नाही. क्रेन कुठे लावायची आणि स्टंटवाल्याने कुठून उडी मारायची, हे त्या कागदावरून कळलं पाहिजे. शूटिंग संपलं की कागदाचं काम संपलं.

मग कॉमिक्सचा उपयोग काय? माझ्या मते खरी शाळा म्हणजे रोजची पट्टी. साप्ताहिकात निदान श्वास घ्यायला जागा असते. पट्टीत तीन-चार चौकटी मिळतात. पहिलीत काल काय झालं ते न रटाळता सांगायचं, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी गळ टाकायचा, आणि हे आठवड्यातून सहा दिवस. मूडबिड काही नाही. वीसेक वर्षं हे करणाऱ्याला दिग्दर्शकाने ‘हा शॉट खालून बघू या’ म्हटलं, तर तो रबर शोधत बसणार नाही, सरळ नवा कागद ओढेल.

पैशांचंही विचारता तुम्ही. आमच्याकडे जाहिरातीच्या फ्रेमांवर घर चालतं, कॉमिक्सवर चाललेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. काम मागायला याल तेव्हा बाँडचं रंगवलेलं पोस्टर आणू नका. एक माणूस दार उघडून आत येतो आणि खुर्चीत बसलेल्याला ओळखतो, एवढंच सहा फ्रेमांत काढून आणा. संवाद नकोत.