ब्लूबर्ड कॅफेत मेरी गोशे यांना ऐकताना

अमेरिकन गीतकार-गायिका मेरी गोशे हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही, याची मला नेहमी खंत वाटते. न्यू ऑर्लिन्सच्या अनाथाश्रमात ठेवलेली आणि दत्तक गेलेली ही मुलगी पुढे बॉस्टनमध्ये उपाहारगृह चालवू लागली, १९९० मध्ये त्यांनी दारू कायमची सोडली आणि तिशी उलटून गेल्यावर त्या गाणी लिहू लागल्या. मी मात्र त्यांच्या गाण्यांकडे वळले ते २०१८ सालच्या 'रायफल्स अँड रोझरी बीड्स' या अल्बममुळे. त्यातली सगळी, म्हणजे अकराही गाणी त्यांनी युद्धावरून परतलेले अमेरिकन सैनिक आणि त्यांच्या घरच्या माणसांसोबत बसून, त्यांचे बोलणे ऐकत लिहिली आहेत. माझे माहेर साताऱ्याचे. तिथून जवळच असलेल्या आपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेले आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घराघरांतून माणसे सैन्यात जात आली आहेत. त्यामुळे फौजी माणसाच्या घरात काय बोलले जाते आणि काय बोलायचे टाळले जाते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि तेच टाळलेले बोलणे या गाण्यांत सापडल्यावर ती मला परकी वाटणे शक्यच नव्हते.

गोशे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या ब्लूबर्ड कॅफेत गाणार असल्याचे समजले, तेव्हा काहीही करून जायचेच असे मी ठरवले. हा कॅफे १९८२ मध्ये एमी कर्लंड यांनी सुरू केला. शहराच्या ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या एका साध्या रांगेत तो आहे आणि आत जेमतेम नव्वद माणसे बसू शकतात. २००८ पासून तो गीतकारांच्याच संघटनेकडे आहे. 'नॅशव्हिल' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे त्याचे नाव जगभर झाले आणि तेव्हापासून तिथे जागा मिळणे आणखीच अवघड होऊन बसले.

आरक्षण ऑनलाइन उघडते आणि काही मिनिटांत संपते. मी अटलांटात राहते, तिथले घड्याळ नॅशव्हिलच्या एक तास पुढे असते, त्यामुळे वेळ नीट जुळवून, कार्डाची माहिती आधीच भरून ठेवून मी बसले होते, तरीही टेबले डोळ्यांदेखत भरली. सुदैवाने भिंतीलगतचे, चर्चमध्ये असतात तसे लांब बाक आणि बारजवळच्या थोड्या खुर्च्या त्या वेळी आरक्षणात नसत. जो आधी येईल त्याला त्या मिळत. अटलांटाहून नॅशव्हिल गाडीने साधारण चार तासांवर आहे आणि जाताना चॅटानूगा मागे पडल्यावर तो एक तास परत हाती लागतो, म्हणून मी सकाळीच निघाले आणि दुपारी रांगेत जाऊन उभी राहिले. जाणाऱ्यांना एक सांगते: एकट्याने जावे. जोडीने आलेली माणसे शेजारशेजारच्या दोन जागांसाठी ताटकळत राहतात, पण एकटी खुर्ची कुठे ना कुठे निघतेच. मला बारच्या टोकाची खुर्ची मिळाली.

ब्लूबर्डची खरी ओळख असलेली पद्धत १९८५ पासून चालत आली आहे. चार गीतकार रंगमंचावर न बसता खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने आपापले गाणे म्हणतात, श्रोत्यांची टेबले त्यांच्या भोवती असतात. आपल्या आवडत्या गायिकेची पाळी चार गाण्यांतून एकदाच येणार, म्हणजे अख्ख्या संध्याकाळीत तिची मोजकीच गाणी पदरात पडणार, याचे मला आधी वाईट वाटले होते. तिथे बसल्यावर मत बदलले. इतर तिघे गात असताना गोशे काय करतात हे पाहण्यासारखे होते. त्या गिटार मांडीवर आडवी ठेवून, मान किंचित खाली घालून ऐकत होत्या, आणि स्वतःची पाळी जवळ आली की कॅपो (स्वर चढवण्यासाठी गिटारच्या तारांवर लावायचा चिमटा) सरकवून, गळ्यातल्या पट्टीवरचा माउथ ऑर्गन ओठांच्या पातळीला आणून तयार होत होत्या. मी इतकी जवळ होते की तारांवरून बोटे घसरल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

'द वॉर आफ्टर द वॉर' हे गाणे त्यांनी सैनिकांच्या बायकांसोबत लिहिले आहे. घरी परतलेल्या, पण मनाने अजून तिकडेच असलेल्या माणसाला सांभाळणाऱ्या या बायकांची विचारपूस कोणी करायची, हा त्याचा विषय. अल्बममध्ये त्याला इतर वाद्यांची साथ आहे. इथे ते फक्त गिटारवर, अगदी सपाट आणि बोलल्यासारख्या आवाजात ऐकले, तेव्हा माझ्या आत्याची आठवण झाली. काका सुट्टीवर आले की घरातला रेडिओ बंद ठेवणारी आणि त्याचे कारण आम्हा मुलांना कधीही न सांगणारी आत्या. गाणे कुठेही रडत नाही, आणि म्हणूनच ते इतके खोल जाते असे माझे मत आहे. मोठ्या सभागृहात याच गाण्याला मोठा आवाज आणि प्रकाशयोजना मिळाली असती, तर त्यातले संकोचाने बोलणे हरवले असते.

कार्यक्रम चालू असताना बोलायचे नाही, असा तिथला कडक नियम आहे, आणि तो पाळला जातो. खाण्यापिण्याची मागणी घेणाऱ्या मुलीसुद्धा खुणेनेच विचारतात. आपल्या घरगुती बैठकीत चांगल्या जागेवर 'वा' म्हटले नाही तर गाणाऱ्याला चुकल्यासारखे होते, आणि मलाही तीच सवय असल्याने दोनदा ओठांवर आलेला उद्गार मागे घ्यावा लागला. पण शब्दांवरच सगळा भार असलेल्या या गाण्यांना ती शांतता लागतेच, हेही पटले. टाळ्या गाणे पूर्ण झाल्यावरच पडतात, आणि मग मात्र भरभरून पडतात.

सोमवारी रात्री तिथे नवोदितांसाठी ओपन माइक असतो, ज्यांचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही अशी माणसे येऊन आपले गाणे म्हणतात. पुढच्या खेपेला कचेरीतून सुट्टी घेऊन सोमवारीच जायचे मी ठरवले आहे.