ड्रेन प्लगची फिटिंग बदलली: पितळी पुंगळी बाहेर, ॲल्युमिनियम फ्लँज आत

बोटीच्या तळात पाणी साचायला लागलं की आपण सगळे आधी बूच (ड्रेन प्लग, म्हणजे तळातलं पाणी सोडायच्या भोकाचं झाकण) बदलतो. माझ्या ॲल्युमिनियमच्या बोटीत बूच नवंकोरं होतं, रबर मऊ होतं, तरी पाणी यायचंच. म्हणून या वेळी बूच ज्यात बसतं ती भोकातली पितळी पुंगळीच (आखूड नळी) काढायची ठरवली.

काढण्याआधी खात्री करून घेतली. बोट ट्रेलरवरच ठेवून बूच लावलं, मागच्या कोपऱ्यात थोडंसं पाणी ओतलं आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) बाहेरून टिश्यू पेपर फिरवला. बुचाच्या रबरापाशी कागद कोरडा. पुंगळीची कड पत्र्याला टेकते तिथे खालच्या बाजूला ओला. पाणी पुंगळीतून नाही, पुंगळीच्या बाहेरून पाझरत होतं. (ही चाचणी करताना पाणी बेताने ओता. लिटरमागे किलोभर वजन वाढतं, आणि ट्रेलरवरच्या बोटीला ते मोजक्याच आधारांवर पेलायचं असतं.)

या पुंगळीची दोन्ही तोंडं फुलवून बसवलेली असतात, त्यामुळे ती ठोकून बाहेर पडत नाही. ठोकत राहिलं तर भोकाची कड मात्र वाकते. मी आतल्या बाजूचं फुललेलं तोंड कानशीने घासून सपाट केलं, मग हॅकसॉचं नुसतं पातं आत घालून पुंगळीला लांबीच्या दिशेने दोन चिरा पाडल्या. चिरांच्या मधली पट्टी पकडीने आत दुमडली की बाकीची पुंगळी सैल पडते आणि बाहेरच्या बाजूने ओढून निघते. चिरा पाडताना पातं पत्र्याला लागू द्यायचं नाही, एवढीच काळजी.

खालचा देखावा अपेक्षेप्रमाणेच होता. भोकाभोवती पांढरी भुकटी, ती खरवडल्यावर पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, आणि ट्रान्समच्या आतल्या प्लायवुडची कड काळी पडून नखाने निघेल इतकी मऊ. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा राहिला की ॲल्युमिनियम झिजतं, पितळ तसंच राहतं. खाऱ्या पाण्यात हे झपाट्याने होतं, गोड्या पाण्यात सावकाश, पण होतंच. त्यात ही जागा बोटीतली सगळ्यात खालची. चिखल, कुजलेली पानं तिथेच अडकतात आणि बोट उन्हात उभी असली तरी तो सांधा ओला राहतो. अशा सांध्यावर वरून सीलंटचा थर फासणं म्हणजे झीज झाकून ठेवणं. ते करणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच की सीलंटची ट्यूब वाचवा.

म्हणून पुन्हा पितळ नको होतं. तीन बारीक स्क्रूंची ॲल्युमिनियम फ्लँज (भोकावर बसणारी चपट्या कडेची चकती) घेतली, आत अर्ध्या इंचाचे एनपीटी (पाइपच्या आट्यांचं अमेरिकी माप) आटे, आणि बूच नायलॉनचं. बूचही ॲल्युमिनियमचं घेतलं तर धातूवर धातू घासून आटे एकमेकांत अडकण्याची भीती असते. नायलॉनची झीज झाली तर बूच बदललं की झालं.

आट्यांबद्दल जरा सावध राहा. अर्ध्या इंचाच्या एनपीटी आणि बीएसपी (ब्रिटिश माप) दोन्हींत इंचाला 14 आटे असतात, त्यामुळे एकाचं बूच दुसऱ्यात दोन-तीन फेरे सहज जातं आणि बरोबर बसल्यासारखं वाटतं. पण एनपीटीच्या आट्याचा कोन 60 अंशांचा, बीएसपीचा 55 अंशांचा. तिथून पुढे पाना लावून जोर केला तर एक तर गळतं, नाहीतर काहीतरी तडकतं. फ्लँज आणि बूच एकाच संचातलं घेतलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ लाकडाने खाल्ला. मऊ झालेलं प्लायवुड वाकवलेल्या खिळ्याने आणि छिन्नीने कोरून काढलं, तेही भोकापेक्षा बरंच रुंद, म्हणजे फ्लँजचे तिन्ही स्क्रू लाकडात न जाता इपॉक्सीत जातील. लाकूड पूर्ण वाळू दिलं, बाहेरून टेप चिकटवली आणि दाट केलेली इपॉक्सी आतून ठासून भरली. ती कडक झाल्यावर मधोमध नवं भोक पाडलं. आता भोकाच्या आतली सगळी भिंत इपॉक्सीची आहे, लाकडाची कड कुठेच उघडी नाही. ज्यांना पूर्ण ट्रान्सम बदलायचा आहे त्यांनी तांब्याची औषधं मुरवलेलं लाकूड ॲल्युमिनियमला लागून वापरू नका. तेच दुखणं परत येईल.

पत्रा स्टेनलेस ब्रशने घासला. साध्या लोखंडी ब्रशचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून पुन्हा खड्डे सुरू होतात. खड्ड्यांवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर. स्क्रू स्टेनलेसचे असल्याने त्यांच्या आट्यांना ड्युरालॅक (दोन वेगळ्या धातूंमधली झीज रोखणारी पेस्ट) लावलं.

सीलंटसाठी पाण्याखाली चालणारं पॉलीयुरेथेन वापरलं, तेही कायमचं चिकटणारं नव्हे, मध्यम ताकदीचं. ही फ्लँज कधीतरी काढावी लागणारच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे अजिबात नको, कारण सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. स्क्रू आवळताना फ्लँजच्या चारही बाजूंनी सीलंटची सारखी कड बाहेर आली की थांबलो. आणखी आवळलं असतं तर सगळं सीलंट बाहेर आलं असतं. मग ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ बोटीला हात लावला नाही.

बुचाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप नाही लावली. रोज काढायच्या बुचाला ती टिकत नाही, तुकडे होऊन आट्यांत बसतात. थोडं मरीन ग्रीस पुरतं.

पुन्हा पाणी भरून तीच टिश्यूची चाचणी केली. फ्लँजभोवती सगळीकडे कोरडं. पण कागद तसाच पुढे नेला तर तळ आणि ट्रान्सम जुळतात त्या रांगेत दोन रिव्हेटांपाशी डाग उमटला. दोघांवर मार्करने खूण केली आहे. आधी मागे ठोकळा धरून हातोडीने जागेवरच घट्ट होतात का बघणार. नाही झाले तर डोकं ड्रिलने उडवून बंद टोकाचे 3/16 इंचाचे ॲल्युमिनियम रिव्हेट बसवणार. त्या रांगेत आतल्या बाजूला हात कसा पोचवायचा, याची कुणाकडे युक्ती असेल तर सांगा. मागच्या सीटखालचा फोम काढायची माझी अजून तयारी नाही.