विफ ए३जीला युबिक्विटिन लावतं, हे ब्लॉटवर दाखवताना

एचआयव्हीचं विफ हे जेमतेम १९२ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याच्याजवळ स्वतःची कुठलीच एन्झाइमची क्रिया नाही, तरी ते आपल्या पेशीतल्या एपीओबीईसी३जी या विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनाचा, थोडक्यात ए३जीचा, काटा काढतं. त्यासाठी ते पेशीचीच माणसं फोडतं: कलिन-५, इलाँगिन बी, इलाँगिन सी आणि सीबीएफ-बीटा. ही जुळणी झाली की ए३जीवर युबिक्विटिनची (‘हे नष्ट करा’ अशी खूण ठरणाऱ्या छोट्या प्रथिनाची) साखळी चढते आणि प्रोटिआसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. सीबीएफ-बीटाचा सहभाग सोडला तर २००३ पासून हे माहीत आहे, पण आपल्या बाकावर ते नीट दाखवणं अजूनही चिकाटीचं काम आहे.

विफ घातलं की ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत) ए३जीचा बँड फिका पडतो. एवढ्यावर समाधान मानू नये. विफ ए३जीचं ट्रान्सलेशनही, म्हणजे ते बनणंच, काही प्रमाणात रोखतं, त्यामुळे नुसता फिका बँड युबिक्विटिनबद्दल काहीच सांगत नाही.

पेशी मी एचईके २९३टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी घेते. त्यांच्यात स्वतःचं ए३जी जवळजवळ नसतं आणि सीबीएफ-बीटा मुबलक असतं, ते वेगळं घालावं लागत नाही. आदल्या संध्याकाळी सहा-वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ५ लाख पेशी. दुसऱ्या दिवशी ए३जी-मिकचा डीएनए ०.५ मायक्रोग्रॅम, एचए-युबिक्विटिनचा ०.५ आणि विफचा ०.१ ते १ मायक्रोग्रॅम (मिक आणि एचए या अँटिबॉडीने ओळखता येणाऱ्या छोट्या खुणा). रिकामा वेक्टर घालून प्रत्येक वेलमधला एकूण डीएनए २ मायक्रोग्रॅमच ठेवायचा. डीएनए पेशीत नेणारं पीईआय डीएनएच्या तिप्पट. विफचा प्लास्मिड कोडॉन-ऑप्टिमाइज्ड, म्हणजे मानवी पेशीला सोयीचा क्रम असलेला, हवा. विषाणूतला मूळ क्रम विषाणूचंच रेव्ह हे प्रथिन नसेल तर फारसा एक्स्प्रेसच होत नाही, आणि मग दोष उगाच ट्रान्सफेक्शनच्या माथी मारला जातो. ३६ ते ४० तासांनी पेशी गोळा करायच्या. त्याआधीचे शेवटचे ६ तास प्रोटिआसोम थांबवणारं एमजी-१३२ १० मायक्रोमोलर, आणि शेजारच्या वेलला ते ज्यात विरघळवलं ते डीएमएसओ तेवढंच.

या प्रयोगाचा जीव कंट्रोलमध्ये आहे. पहिला, विफमधली एसएलक्यू ही तीन अमिनो आम्लं एएए केलेला म्युटंट: तो ए३जीला धरतो, पण इलाँगिन सीला धरू शकत नाही. दुसरा, ए३जीचा डी१२८के म्युटंट, ज्याला एचआयव्ही-१चं विफ पकडूच शकत नाही. हा एका अमिनो आम्लाचा फरक आफ्रिकन ग्रीन माकडाच्या ए३जीमध्ये निसर्गतःच असतो. दोन्ही लेनमध्ये स्मिअर (वेगवेगळ्या लांबीच्या युबिक्विटिन साखळ्यांचा पसरलेला पट्टा) कमी दिसला तर विधानाला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. तिसरा, एमएलएन४९२४ हे नेडिलेशन (कलिनला नेड८ हे छोटं प्रथिन लागणं) थांबवणारं औषध. कलिन-५ला नेड८ लागलं नाही तर यंत्रणा थंडावते. मात्र हे औषध सगळ्याच कलिनना थोपवतं, म्हणून त्याला एकट्याला पुरावा मानू नये.

खरी गडबड लायसिसमध्ये, म्हणजे पेशी फोडताना, होते. पेशी फुटताच डीयुबिक्विटिनेज एन्झाइमं साखळ्या सोलायला लागतात. त्यांतली बहुतेक सिस्टीनवर चालणारी, म्हणून पेशी धुवायच्या पीबीएसपासूनच १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलेइमाइड घालावं. ते पाण्यात टिकत नाही. इथेनॉलमध्ये ताजं बनवून ऐन वेळी मिसळावं. बफरचा पीएच ७.५च्या आसपास असू द्यावा, कारण ८च्या वर ते लायसिनलाही चिकटू लागतं. आणि लायसिस बफरमध्ये डीटीटी नकोच. दोघं एकमेकांना निकामी करतात.

दुसरा प्रश्न असा की दिसलेलं युबिक्विटिन नक्की कोणाचं? साध्या ट्रायटन बफरमध्ये अँटिबॉडीच्या बीड्सनी ए३जी ओढलं की विफही सोबत येतं, आणि विफवर स्वतःच युबिक्विटिन चढलेलं असतं. शिवाय ए३जी आरएनएला धरून बसणारं, त्यामुळे बाकीचा लवाजमाही येतो. म्हणून दर वेलला २०० मायक्रोलिटर १ टक्का एसडीएस, ९५ अंशांवर १० मिनिटं. डीएनएमुळे नमुना शेंबडासारखा चिकट होतो. छोटं सोनिकेशन किंवा २६ गेजच्या सुईतून काही वेळा ओढणं पुरतं. मग १ टक्का ट्रायटनचा बफर १.८ मिलिलिटर घालून एसडीएस ०.१ टक्क्यावर आणायचं. हे पातळ करणं राहिलं तर अँटिबॉडीच काम करत नाही. त्यानंतर मिकचे बीड्स, ४ अंशांवर रात्रभर, आणि एक धुणं ५०० मिलिमोलर मिठाचं.

८ टक्के जेल. ए३जी सुमारे ४६ किलोडाल्टनचं आणि अँटिबॉडीची जड साखळी ५०ची, म्हणजे नेमक्या हव्या त्याच जागी धब्बा. अँटिबॉडी घट्ट जोडलेले बीड्स घ्यावेत, नाहीतर फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम अँटिबॉडी. एचएने ब्लॉट केल्यावर ५५ किलोडाल्टनच्या आसपास सुरू होऊन वर चढत जाणारा स्मिअर दिसायला हवा. तो कधीच एकटा वाचू नये. तोच नमुना मिकने तपासून दर लेनमधलं मूळ ए३जी पाहावं. एमजी-१३२ असूनही विफच्या लेनमध्ये ते निम्मंच उरलं असेल तर दोन्ही स्मिअर सारखे दिसले तरी अर्थ वेगळा निघतो.

कोणत्या लायसिनवर साखळी चढली हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने पाहायचं असेल तर सिस्टीन झाकायला आयोडोअसिटामाइड टाळून क्लोरोअसिटामाइड वापरावं. ट्रिप्सिनने प्रथिनं कापल्यावर लायसिनवर उरणाऱ्या युबिक्विटिनच्या दोन ग्लायसिनचं वजन ११४.०४३ डाल्टन, आयोडोअसिटामाइडचे दोन तुकडे लायसिनला लागले तरी वजन तंतोतंत तेवढंच भरतं, आणि यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाहीत.