देवगिरीची अंधारी आणि भाच्याचा फोन

भाचा चीनमधून एमबीबीएस करून आला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, आधी किल्ला." सकाळच्या खुलताबाद एसटीने दौलताबादला उतरलो. चांद मिनार, मेंढा तोफ बघून खंदकापाशी आलो. कातळ सरळ तासलेला, आत जायला एकच वाट.

अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारात शिरताच वटवाघळांचा उग्र वास आला. भिंत थंडगार लागत होती. पाय पुढची पायरी चाचपत होता. गाईडने मशाल विझवली तसा शेजारचा भाचाही दिसेना. उजेड दिसला म्हणून शत्रू धावायचा आणि थेट खंदकात पडायचा, असं तो सांगत होता.

वर आल्यावर भाचा पायरीवर बसला. "तिकडे आमचं रोजचं हेच." माझी बहीण रात्री जेवण झाकून ठेवून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलची वाट बघत बसायची, ते आठवलं. चीनमध्ये २०१७ पासून व्हॉट्सअ‍ॅप बंद; फेसबुक, यूट्यूब त्याच्याही आधीपासून. आईचा चेहरा दिसायचा तो शॅडोसॉक्स नावाच्या प्रोग्रॅममुळे. हे २०१२ साली तिथल्याच एका प्रोग्रॅमरने बनवलं. फोनमधलं सगळं कुलूपबंद होऊन देशाबाहेरच्या सर्व्हरला जातं आणि तो आपल्या वतीने साइट उघडतो. वाटेतल्या सरकारी पहारेकऱ्याला नुसता अर्थहीन गिचमिडा दिसतो. २०१५ मध्ये पोलिसांच्या सांगण्यावरून त्या माणसाला कोड काढून टाकावा लागला, पण तोवर तो जगभर पोचला होता.

पहाराही शहाणा होत गेला. संशय आला की स्वतःच त्या सर्व्हरचं दार ठोठावून बघायचा. २०२१ च्या अखेरीस तर नुसता गिचमिडा दिसला तरी अडवू लागला. अशा वेळी ट्रोजन नावाच्या प्रोग्रॅमसारखी साधनं कामाला येतात. त्यांची ये-जा साध्या वेबसाइटसारखीच दिसते. "पण मामा, सर्व्हर कोणाचा हे बघायचं. आपण कुठे जातो ते त्याला कळतं. फुकटवाल्यांपासून लांब राहा." हे मला फार पटलं. आपल्याकडे लोक जाहिरात बघून काहीही डाउनलोड करतात.

पायथ्याला एक मावशी सीताफळं विकत होत्या. क्यूआर कोड टोपलीलाच अडकवलेला. पैसे देताना २६ फेब्रुवारी २०२४ आठवला. मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात जालना, बीड, संभाजीनगरात इंटरनेट बंद होतं. मी जालन्यात, मेडिकलसमोर, आईच्या बीपीच्या गोळ्या हातात आणि खिशात चाळीस रुपये. दुकानदाराने ओळखीवर दिल्या. "तेव्हा तुझं शॅडोसॉक्स चाललं असतं का रे?"

"नाही. पहारा असेल तर चुकवता येतो. खंदकावरचा पूलच काढून घेतला तर कुठून जाणार?"

घरी आल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. ब्राउझरच्या कोपऱ्यात छोटासा हिमकण होता. टॉरचं स्नोफ्लेक. टॉर म्हणजे ओळख लपवून, अडवलेल्या साइट उघडू देणारं जाळं. ज्यांच्याकडे टॉर अडवलंय, त्यांची ये-जा थोडा वेळ आपल्या कनेक्शनवरून पुढच्या पुलाकडे जाते. सगळं कुलूपबंद, त्यामुळे कोण काय बघतंय हे आपल्यालाही कळत नाही. फक्त आकडा दिसतो.

बहिणीने चष्मा लावून वाचला. गेल्या चोवीस तासांत सात जण.

"कुठले रे?"

"माहीत नाही, आई."

रात्री झोपताना तिने लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि झाकण उघडंच ठेवलं.