मामाच्या जाळीतले एमू

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज मामाकडं हुरड्याला गेलो होतो, मोहोळ तालुक्यात. आत्ता घरी पोचलोय आणि हाताला अजून आगटीच्या राखेचा वास आहे. अंथरुणावर पडून बघितलं पण झोप येईना, म्हणून उठून लिहायला बसलो, कारण मामा आज जे बोलले ते मला ठेवायचंय कुठंतरी.

आगटीभोवती आम्ही दहा-बारा जण असू. गुळभेंडीची कणसं भाजून होत होती, मामी चोळून देत होत्या, सोबत शेंगाचटणी आणि दही. मामाची नात पुण्याहून आलेली, ती मोबाईलवर रील बघत होती, बँकॉकच्या कुठल्यातरी गाडीवर काडीला टोचलेले तळलेले विंचू, आणि एक गोरी बाई ते कुरूमकुरूम खातीय. पोरं सगळी ‘ईईई’ करून ओरडली. मग मोठी माणसं पण सुरू झाली, काय काय खाऊलालेत बघा लोकं, पाल सोडत नाहीत, कुत्रं सोडत नाहीत, असल्यांना माणूस म्हणावं का. मी पण हसत होतो त्यात. मामा एकटे गप्प होते. हातातलं कणीस खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "आपल्या जाळीत काय होतं ते इसरलाव व्हय सगळे?"

एकदम शांतता झाली, कारण कुणीच विसरलेलं नव्हतं.

2010-11 ची गोष्ट असेल. त्या वेळी आपल्याकडं एमूपालनाचं खूळ आलं होतं. पेपरात जाहिराती, तालुक्याला मेळावे, ऑस्ट्रेलियाचा पक्षी, मांस विकलं जातं, तेल विकलं जातं, कातडं विकलं जातं, अंडी कंपनी स्वतः येऊन घेऊन जाणार, शेतकऱ्यानं फक्त जाळी मारायची आणि पक्षी सांभाळायचे. मामांनी डाळिंबाचे आलेले पैसे त्यात घातले, चार जोड्या घेतल्या. मला आठवतंय पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो होतो. सहा फुटांपर्यंत जातो तो पक्षी, शहामृगानंतर जगात उंचीला याचाच नंबर, चाळीस किलोच्या आसपास वजन, आणि तांबूस डोळ्यांनी तुमच्याकडं असा रोखून बघतो की आपणच जाळीच्या आत आहोत असं वाटतं. मादीच्या छातीतनं ढोलासारखा आवाज यायचा, रात्री शेजारच्या वस्तीवरची माणसं विचारायला यायची की काय वाजतंय म्हणून.

मग 2012 ला तिकडं तमिळनाडूत, ईरोड भागात, या एमू कंपन्यांचा फुगा फुटला, पैसे गुंतवलेले हजारो लोक रस्त्यावर आले, आणि त्याचा झटका आपल्याकडं पण बसला. मामाच्या कंपनीचा माणूस अंडी न्यायला यायचा बंद झाला, मग फोन उचलायचा बंद झाला. खाद्याचं बिल मात्र चालूच. आणि तेव्हा कळलं की मांस विकत घेणारं कुणी नव्हतंच कधी, पक्षी फक्त या शेतकऱ्याकडून त्या शेतकऱ्याकडं जात होते, पिल्लं म्हणून.

कंपनीनं न नेलेली अंडी तशीच जाळीत राहिली, काळपट हिरवी, मोठ्या आंब्यासारखी. आणि एक नर त्यांच्यावर बसला. एमूत अंडी उबवायचं काम नराचं असतं, आठ आठवडे तो जवळजवळ काही खात नाही, पाणी पीत नाही, अंगातल्या चरबीवर काढतो. मामा सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढं जाऊन बसायचे. घरात पैशावरनं भांडणं आणि मामा त्या नरापुढं बसलेले, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शेवटी कुणीतरी सुचवलं की आपणच एक कापू, गावाला खायला घालू, लोकांना चव कळली तर गिऱ्हाईक होईल. तेच ते जेवण.

मुलाणी चाचांना बोलवलं. आमच्याकडं मुलाण्याशिवाय बकरं पडत नाही, हिंदूच्या घरचं असो की कुणाच्या. चाचा पक्ष्याकडं बघून म्हणाले, हे मी कधी कापलेलं नाही, विचारून घेतो. त्यांनी मोहोळला फोन लावला मौलानांना. तिकडनं विचारणा झाली की नख्यांनी शिकार करतो का, पंजात धरून फाडून खातो का? नाही, दाणा-पाला खातो, पाय शहामृगासारखे. मग चालतं, म्हणाले. मला हे फार आवडलं होतं तेव्हा, की एका अनोळखी जनावरासाठी कुणीतरी एवढं नीट विचारलं. बाकी गावात कुणी काही विचारलंच नाही.

मांस निघालं ते लालभडक. कोंबडीसारखं पांढरं निघंल असं सगळ्यांना वाटलेलं, पक्षी आहे ना शेवटी. पण एमूचं मांस बीफसारखं गडद लाल असतं, चरबी कमी. आणि तिथंच सगळं फिसकटलं. कुणीतरी म्हणालं, "हे तर मोठ्याचं दिसतंय." मोठ्याचं म्हणजे गाई-बैलाचं. एवढं एकच वाक्य. तोंडातोंडी गेलं आणि पन्नास माणसांचं जेवण केलेलं, आली पंधरा, त्यातल्या निम्म्यांनी भाकरी आणि कांदा खाल्ला, रस्सा ताटात तसाच. काळा मसाला घालून मामींनी जीव ओतून केलेला रस्सा, मटणाचा करतात अगदी तसाच.

आज परत येताना गाडी चालवता चालवता मी हाच विचार करत होतो. त्या जेवणाला आलेली माणसं वजडी खातात. मुंडी खातात, पाया खातात, रक्ती खातात. मंगळवार बाजारातनं सुकट आणतात, ती सुकट जरा जवळनं बघा, पाय आणि मिशा आणि डोळे, नाकतोड्यात आणि तिच्यात फारसा फरक नाही, दोन्ही संधिपादच. ज्याला कोळंबीची ॲलर्जी असते त्याला किडे खाऊन पण त्रास होऊ शकतो, इतकं ते जवळचं नातं. मामाचे आजोबा घोरपड धरायचे, आता 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तिला पूर्ण संरक्षण आहे, धरली तर जेल, पण तेव्हा घोरपडीचं तेल गुडघ्याला आणि मांस अंगात ताकद यावी म्हणून. आणि माळढोक! तेच आजोबा सांगायचे की लहानपणी माळढोकाचं मटण खाल्लंय. नान्नजचं अभयारण्य मामाच्या शेतापासून फार लांब नाही, 1979 ला झालं, आता तिथं माळढोक दिसणं म्हणजे नशीबच, देशात दीडशे पण उरले नसतील म्हणतात. मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानं 1809 ते 1829 मध्ये एकट्या नगर जिल्ह्यात 961 माळढोक मारल्याची नोंद आहे. वर्षाला बहुतेक एकच अंडं घालणारा पक्षी. म्हणजे उंच मानेचा, माळावर पळणारा मोठा पक्षी आमच्या भागात खाल्ला जात होताच. पण त्याला नाव होतं, कुणाच्यातरी आजोबांनी खाल्लेला होता, म्हणून तो ‘आपला’. एमूला इथं कुणी आजोबाच नव्हते.

आणि ते ‘मोठ्याचं’. ते मला जास्त टोचतं. कारण ते वाक्य जनावराबद्दल नव्हतंच, ते माणसांबद्दल होतं, कोण खातं त्याबद्दल. शाळेत माझ्यासोबत सोलापूरच्या बुधवार पेठेतला एक मित्र होता, आठवीत. त्याच्या डब्यात एकदा चान्या होत्या, मांसाच्या पट्ट्या मीठ-हळद लावून वाळवतात त्या, आणि वास आला म्हणून बाकावरची पोरं उठून गेली. मी उठलो नाही, पण काही बोललो पण नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो डबा खायला ग्राउंडच्या कडेला जायला लागला. ज्या घरांना ताजं मटण परवडायचं नाही, गावानं टाकलेलं जनावर वाट्याला यायचं, त्यांनी एक तुकडा वाया न घालवता वर्षभर पुरवायची ही पद्धत काढली. यात हुशारी आहे, कष्ट आहेत. आम्ही त्याला वास म्हणालो. तो मित्र आता कुठं असतो माहीत नाही.

उलट माझा सोलापूरच्याच पूर्व भागातला एक दोस्त, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, त्याच्या घरी तलकाया म्हणजे मुंडी आणि बोटी म्हणजे आतडी, ते मी दहावीपासून खातोय, पहिल्यांदा खाताना घास गिळेना, त्याची आई समोर बसून तेलुगूत काहीतरी म्हणत होती आणि ताटात वाढत होती, तिच्या तोंडाकडं बघून मी खाल्लं. आता मला बोटी लागतेच, महिन्यातनं एकदा तरी. मी खाल्लं ते त्या बाईमुळं.

ओडिशात मयूरभंजला लाल मुंग्यांची चटणी करतात, 2024 ला तिला जीआय टॅग मिळाला, म्हणजे त्या भागाची खास चीज म्हणून सरकारी मानांकन, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे तसंच. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात. युनोच्या अन्न संघटनेनं 2013 च्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की जगात 200 कोटींच्या आसपास माणसांच्या जेवणात किडे असतात. हे सगळं मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, काका पण मी नाही खाणार. नको खाऊस ना. मी पण विंचू खाईन असं वाटत नाही, आणि जे जंगलातनं संपत चाललंय ते तर कुणीच खाऊ नये. आपल्याकडनं बेडकांच्या तंगड्या जहाज भरभरून परदेशात जायच्या, शेतातले बेडूक संपायला लागले आणि कीड वाढायला लागली, तेव्हा 1987 ला बंदी घातली, ते बरोबरच केलं. माझं म्हणणं फक्त त्या ‘असल्यांना माणूस म्हणावं का’ ला आहे. ते आज माझ्यासमोर म्हटलं गेलं आणि मी हसलो.

उरलेल्या पक्ष्यांचं काय झालं ते पण लिहितो. दोन मेले. बाकीचे हैदराबादकडचा एक जण टेम्पोत घालून घेऊन गेला, कवडीमोल किमतीत. तो अंड्यांवर बसलेला नर पण. मामांनी एक अंडं ठेवून घेतलंय, देवघराच्या वरच्या फळीवर आहे, आतलं काढून टाकलेलं, आज पोरांनी हातात घेऊन बघितलं.

निघायच्या वेळेला बाकीचे गाडीकडं गेले आणि मी आगटी विझवायला मामांसोबत थांबलो. मामा आता चौऱ्याहत्तरचे आहेत. राख सारता सारता म्हणाले,

"त्या जेवणाला तू आलतास. खाल्लंतास का रं?"

बारा-तेरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी त्या दिवशी ताट घेऊन कडब्याच्या गंजीमागं गेलो होतो आणि सगळं कुत्र्याला घातलं होतं, आणि येऊन मामींना म्हणालो होतो, भारी झालंय. मी आज खरं सांगितलं. मामा, नाही खाल्लं. कुत्र्याला घातलं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी आन् तुझी मामी तीन दिवस खात होतो. कापल्यालं जनावर टाकू वाटंना. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली, तरी खाल्लं तिनं." आणि जरा थांबून, "कुत्र्यानं खाल्लं ते बेस झालं. वाया तर न्हाई गेलं."

मला मान वर करता येईना. त्यांनी राखेतनं राहिलेलं एक कणीस काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि हात माझ्यापुढं धरला. "घे, गरम हाय तंवर खा."