सत्तावीस गुणांचा ख्रिस्ती

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका ख्रिस्ती हायस्कूलमध्ये मी काउन्सेलर आहे. दरवर्षी अकरावीच्या मुलांची ‘वर्ल्डव्ह्यू टेस्ट’ होते. मुलाची जगाकडे बघायची दृष्टी बायबलला किती धरून आहे, हे तिने कळावं अशी अपेक्षा. आमच्याकडे नहेम्या इन्स्टिट्यूट या संस्थेची ‘पीअर्स’ नावाची चाचणी वापरतात. राजकारण, अर्थकारण, शिक्षण, धर्म आणि सामाजिक प्रश्न, असे पाच विभाग आणि सत्तर विधानं. प्रत्येकावर ठाम सहमत, थोडासा सहमत, तटस्थ, थोडासा असहमत किंवा ठाम असहमत, यांतलं एक निवडायचं. गुण उणे शंभर ते अधिक शंभर. सत्तरच्या वर बायबलप्रणित आस्तिक, तीस ते एकोणसत्तर मध्यम ख्रिस्ती, त्याखाली शून्यापर्यंत सेक्युलर मानवतावादी आणि शून्याखाली थेट समाजवादी!

मी नगरची. आमच्या संडे स्कूलच्या परीक्षेत याकोबाला मुलगे किती, असं विचारायचे. सरकारने कर किती घ्यावा हे कोणी विचारलं नाही.

तर त्या वर्षी एका मुलाला सत्तावीस मिळाले. त्याला इथे जेकब म्हणू. बायबलच्या तासाला पहिला, वचनं तोंडपाठ, चॅपलमध्ये गिटार वाजवणारा. आईच्या हातात कागद पडला आणि ‘सेक्युलर मानवतावादी’ हे शब्द वाचून ती रडवेली झाली. वडिलांनी मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, एवढी फी भरून हेच शिकवता का? प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

मी आधी एकूण आकडा बाजूला ठेवला. तो पाच रकान्यांची सरासरी असतो आणि सरासरीत काहीही लपतं. राजकारण अठरा, शिक्षण चौतीस, सामाजिक एकोणचाळीस, धर्म सहासष्ट. आणि अर्थकारण उणे बावीस. घसरण कुठे झाली ते उघडच होतं. मग एकेक उत्तर वाचलं. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. पोरगा स्वभावाने जपून बोलणारा, त्यामुळे पटलेल्या विधानांपुढेही बहुतेक ठिकाणी ‘थोडासा’च. त्याने गुण कमी पडतात. म्हणजे थोडे गुण नुसते भिडस्तपणापायी गेलेले.

अर्थकारणात मात्र भीड नव्हती. उद्योगांवर सरकारी नियंत्रण नको, या अर्थाच्या विधानांना त्याने ठाम नकार दिला होता. बोलावून विचारलं, तर म्हणाला, “मॅम, माझे आजोबा खाणीत होते.”

पूर्व केंटकीत एवढं वाक्य पुरतं. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं काळी पडलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी. 1968 साली वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत 78 कामगार गेले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी केंद्राचा कायदा झाला, धुळीवर मर्यादा आली आणि निकामी झालेल्या कामगारांना भत्ता मिळायला लागला. आजोबांचं घर त्या भत्त्यावर चालतं. आता या मुलाने ‘सरकारने मध्ये पडू नये’ यापुढे ‘ठाम सहमत’वर खूण करायची?

त्याने पिशवीतून बायबल काढलं आणि उघडलं ते थेट त्यातल्या ‘नहेम्या’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. दुष्काळात लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलेली, राजाच्या करासाठी कर्ज काढलेलं. नहेम्या प्रांताधिकारी. तो श्रीमंतांना सभेत उभं करतो आणि व्याज सोडायला, जमिनी परत करायला लावतो. “संस्थेला नाव यांचंच आहे ना, मॅम?” मला हसू आवरेना. मग याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय: शेतं कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते. पाठ होतंच त्याला.

त्याचं अर्थशास्त्र बरोबर की चूक, हा वाद मी घातला नाही. पण तो बायबल वाचून त्या उत्तरापर्यंत पोहोचला होता आणि चाचणीने तेच उत्तर ‘बायबलपासून दूर’ म्हणून मोजलं होतं. विश्वास आणि एका पक्षाचं धोरण एकाच पट्टीवर मोजलं की असं होणारच, हे माझं स्पष्ट मत. मुख्याध्यापकांना ते फारसं आवडत नाही.

खरी गोष्ट मात्र धर्माच्या रकान्यात होती. सहासष्ट बघून सगळे निर्धास्त होते. तिथे बाकी उत्तरं ठाम होती, पण तारणाबद्दलच्या, म्हणजे येशूवर विश्वास ठेवणाराच तरतो अशा अर्थाच्या विधानांपुढे ओळीने ‘तटस्थ’. दुसरीकडे कुठेच त्याने तटस्थची खूण केली नव्हती. मी त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ तो पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, “आजोबा कधी चर्चला आले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. मी ‘सहमत’ लिहिलं तर त्यांच्याबद्दल काय लिहिल्यासारखं होईल?”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. चॅप्लेनशी, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूंशी बोलशील का, विचारलं. तो हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात चॅप्लेन त्याच्याबरोबर आजोबांकडे जाऊन बसले. प्रवचन द्यायचं नाही, एवढं त्याने आधीच बजावलं होतं.

आईवडिलांना मी पाचही रकाने वेगवेगळे मांडून दाखवले. अर्थकारणाचं कारण ऐकताच आई शांत झाली. आजोबा तिचेच वडील. तटस्थ उत्तरांचं मात्र जेकबने स्वतः सांगावं असं ठरलं होतं, म्हणून त्यावर मी बोलले नाही. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी केली आणि विचारलं, “हा आकडा कॉलेजच्या अर्जात जातो का?” नाही जात, म्हटलं.